देवाभाऊ, भिंतीवर कोणता लावू?

देवाभाऊ, तुझे दोन फोटो माझ्या टेबलावर पडलेत, परवा तुझी तेरवी आहे, आणि मला काही सुधरेना.

काल वहिनी स्वतः दुकानात आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "अनिसभाऊ, दोन्हीतला कोन्ता लावाचा ते तुम्हीच ठरवा. आमचा सुधीर एक म्हनते, माहं मन दुसरं म्हनते." त्यांचं मन कोणतं म्हणतं ते विचारायच्या आत पायरी उतरून गेल्या. म्हणजे बघ, तू गेलास आणि आपला जुना झगडा माझ्या एकट्याच्या गळ्यात टाकून गेलास. असा कुठं न्याय असतो का राजा?

एक फोटो तुझ्या पेटीतला, म्हणजे तुझ्या जुन्या कॅमेऱ्यातला, काळापांढरा. दुसरा माझ्या नव्या डिजिटलमधला, रंगीत. दोन्ही मीच काढलेले, एकाच दुपारी, तुझ्याच स्टुडिओत, त्याच हात मोडलेल्या खुर्चीवर. पेटीतल्या फोटोत तू ताठ बसलायस, पांढरा सदरा, गळ्याचं बटण लावलेलं, ओठ मिटलेले. परका माणूस पाहील तर म्हणेल, काय शांत गृहस्थ होते. तुला शांत म्हणणारा माणूस अख्ख्या पिंपळगाव राजात हुडकून सापडणार नाही, ती गोष्ट वेगळी. माझ्या फोटोत तुझं तोंड उघडं आहे, एक बोट वर, एक भुवई त्याच्याही वर, आणि तू मला सुनावतोयस. खालचा पडलेला दात कुठं होता तेही दिसतं.

आणि हाराच्या फोटोत तोंड उघडं चालत नाही. हा नियम माझा नाही, तुझाच. कापूस विकून झाला की म्हातारी माणसं तुझ्याकडं यायची, नवं धोतर, नवं लुगडं नेसून, आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगायची, "देवा, हाराचा काढजो बरं." आपण गेल्यावर ज्याला हार घालतील तो फोटो, जिवंतपणी, हौसेनं, स्वतः येऊन काढून ठेवायचा. मला याचं फार नवल वाटायचं. तुला काडीचं नाही. तू म्हणायचास, "तोंड मिट माय. उघडं राह्यलं तं भितीवरून सुनेले काही ना काही मागत राहशीन." म्हातारी तोंड मिटायची, सून मागं उभी राहून पदरात हसायची.

लिहायला बसलो की माझा हात शाळेतलं मराठी लिहितो. तू असतास तर म्हणाला असतास, "काय बे, तहसीलदाराले अर्ज करून राह्यला का?" राहू दे. तुझं बोलणं तुझ्यासारखं लिहीन, माझं जसं येईल तसं.

अब्बांचं फ्रेमचं दुकान आणि तुझा स्टुडिओ यांच्यामधे एकच भिंत. तू चेहरे काढायचास, आम्ही त्यांना चार पट्ट्या आणि एक काच लावून द्यायचो. मी इकडं खिळा ठोकला की तिकडं तुझ्या मागच्या पडद्यावरचा तलाव हलायचा आणि तू ओरडायचास, "अनिस, गिऱ्हाईक बुडते बे इथं!" तलावात दोन बदकं होती. एकाचं डोकं रंग उडून गेलं होतं, तू तिथं मुद्दाम नवऱ्याला उभं करायचास आणि बायकोला चांगल्या बदकापाशी. काऊन? असं मी विचारलं की म्हणायचास, "संसारात बाईले एक तरी गोठ धड भेटू दे."

तुझ्या त्या कॅमेऱ्याला तू कधी कॅमेरा म्हटलं नाहीस. पेटीच. समोर एकाखाली एक दोन भिंगं, वर झाकण. झाकण उघडायचं, पोटाशी धरायची आणि मान खाली घालून आत पाहायचं. आत काचेवर समोरचा माणूस दिसतो, पण त्याचं डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. मी पहिल्यांदा आत पाहिलं तेव्हा विचारलं, "काऊन असं?"

"आरशात पाह्यतं तवा इचारतं का, काऊन असं?"

म्हटलं, इचारतो.

"मंग तुह्यं काही होत नाही," म्हणालास.

बीटी कापूस आपल्या भागात नवा नवा आला त्याच सुमारास मी पहिला डिजिटल घेतला. दोन्ही नव्या गोष्टी, आणि दोन्हींबद्दल लोक एकाच तोंडानं बोलायचे. याला फवारणी लागत नाही म्हणे. याला रोल लागत नाही म्हणे. तू कॅमेरा हातातसुद्धा न घेता म्हणालास, "लागत नाही म्हनते तवा समजून घ्यावं, दुसरं काहीतरी लागनार हाय." कापसाचं पुढं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. डिजिटलचं मात्र मी अजून मान्य केलेलं नाही.

तुला नामदेवकाकांचं वावर आठवतं का? आठवत असणार, तू मला ते विसरू कुठं दिलंस. एका बियाण्याच्या कंपनीच्या माणसाला पोस्टरसाठी शेतकरी हवा होता, बोंडांनी लदलेल्या पऱ्हाटीत उभा, हसरा. गावातल्या दुकानदारानं तुला सांगितलं, कंपनीच्या माणसानं मला सांगितलं, आणि आपण दोघं एकाच बांधावर जाऊन पोचलो. तू नामदेवकाकांजवळ बसलास आणि बैलाचं बोललास, विहिरीचं बोललास, त्यांच्या पोरीच्या सोयरिकीचं बोललास. कंपनीचा माणूस घड्याळ पाहून पाहून कंटाळला. मग तू पेटी उघडलीस, मान खाली घातलीस, एक फोटो काढलास आणि झाकण लावलंस. एकच! मी मागून आलो आणि सुटलोच. काका, हासा. काका, अजून हासा. बोंड गालापाशी धरा. किती काढले अल्ला जाणे. तिथंच उभ्या उभ्या त्या माणसाला स्क्रीनवर दाखवले आणि त्यानं एक निवडला. काका दात काढून हसतायत, गालाशी कापूस.

ते पोस्टर गावोगावच्या कृषी केंद्रांवर लागलं. शेगावला उतरलं की स्टेशनाबाहेर पहिलं तेच दिसायचं. मी बरोबरच्या माणसाला कोपर मारून दाखवायचो, हा माझा. तुला चिडवायचो, "भाऊ, तुहा फोटो कोन्त्या दारावर लागला?"

"माह्या निगेटिव्हच्या डब्यात लागला," म्हणायचास. तोंड वाकडं करून.

मग ती वर्षं आली. कधी पाऊसच नाही, कधी आला तो बोंडं सडवून गेला, आणि शेवटी जी लागत नाही म्हणायचे ती गुलाबी अळी बोंडाच्या आत आरामात जाऊन बसली. उभ्या पऱ्हाट्या उपटून पेटवल्या लोकांनी. पण नामदेवकाकांचा फोटो दुकानांवर हसतच होता, ऊन लागून पिवळा पडला तरी. बाजारात लोक त्यांना म्हणायचे, "काय पोस्टर, औंदा कितीक कापूस?" चेष्टा करणारे स्वतःही तितकेच बुडालेले, पण चेष्टा कोणाची तरी करावीच लागते ना.

एक दिवस मी काच कापत होतो आणि भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. "देवा, हाराचा फोटो पाह्यजे. नवा नको काढू, आता तोंड पाहासारखं नाही राह्यलं. तवाचा हाय का तो, पऱ्हाटीतला?" मी काच तशीच टाकून धावलो. म्हटलं, "काका, माह्यापाशी हाय ना! झ्याक हासून राह्यले तुम्ही."

काका माझ्याकडं पाहून म्हणाले, "तो नको बापू. तो हासनारा बियान्याचा हाय. देवानं काढला तो माहा हाय."

तू डबा काढलास, निगेटिव्ह हुडकलंस, मोठा प्रिंट काढून मला फ्रेमला दिलास. पहिल्यांदा मी तो फोटो नीट पाहिला. काका बोंडाकडं पाहतही नाहीत. नुसते उभे आहेत, आता काय इचारतं ते इचार, असे. तू मला एका शब्दानं टोचलं नाहीस, उलट चहा मागवलास, आणि तो चहा मला जितका कडू लागला तितकी तुझी शिवी कधी लागली नसती.

तेव्हापासून मी तुझ्यामागं लागलो होतो: ते पेटीनं केलं, की तुझ्या गप्पांनी? मी तशाच गप्पा मारून माझ्या डिजिटलनं काढला असता तर काकांनी तो घेतला असता का? तू म्हणायचास, "तुह्या मशीनले धीर कुठी हाय." मी म्हणायचो, धीर मशीनला नसतो भाऊ, माणसाला असतो. "तेच म्हनून राह्यलो," म्हणायचास, आणि पुन्हा ओले प्रिंट दोरीवर टांगायला लागायचास. आता यात कोण जिंकलं? मला खरंच अजून कळलेलं नाही.

पण कौसाबाईच्या वेळी तू हरलास. ते तरी कबूल कर.

तुमच्याच गल्लीतली कौसाबाई, चेहराभर देवीचे वण. तू त्या दिवशी शेगावला दर्शनाला गेला होतास म्हणून ती माझ्याकडं आली. माझ्या दुसऱ्या, नव्या कॅमेऱ्यात चेहरा साफ करायचं काहीतरी आपोआप चालू होतं, मला त्याचा पत्ता नाही. मी फोटो काढला, स्क्रीन तिच्याकडं फिरवली, आणि पाहतो तर काय! एकही वण नाही. दुधावरच्या सायीसारखा चेहरा. नेमका तू त्याच वेळी प्रसादाचा पुडा घेऊन दारात. पाहिलंस आणि भडकलासच, "काय केलं बे हे? मायच्या तोंडावरून हात फिरवून टाकला? हे कोन बाई हाय?"

"थांब रे देवा," कौसाबाई म्हणाली.

तिनं कॅमेरा दोन्ही हातांत धरला. आपण दोघं उभे. तिनं बोटानं स्क्रीनवरचा गाल चाचपला. मग म्हणाली, "मले देवी निंगाल्या तवा मी एवढीशी होती. मी माहं असं तोंड कधी पाह्यलंच नाही." आणि थोड्या वेळानं, आपल्याला नाही, त्या फोटोलाच विचारल्यासारखं, "अशी दिसली असती व्हय मी?"

शेवटी तिनंच मार्ग काढला. वण असलेला एक काढायला लावला, तो हारासाठी. आणि तो गुळगुळीत एक छोटा करून मागितला, ट्रंकेत ठेवायला. "कवा कवा पाहीन," म्हणाली. ती गेल्यावर तू प्रसाद माझ्या हातावर ठेवलास आणि भिंतीपलीकडं गेलास. संध्याकाळी भिंतीवर टकटक करून विचारलंस, "अनिस, ते मशीन... ते कसं करते बे ते?" भाऊ, खरं सांगू? इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदा 'कसं' विचारलंस आणि मी असा फुगलो की काय सांगू. घरी जाऊन बायकोला, नसीमला सांगितलं. ती म्हणाली, त्यात काय एवढं. तिला काय माहीत.

तुझ्या एका गोष्टीचे आभार मी तोंडावर कधी मानले नाहीत, ते इथं मानतो. अब्बांनी आयुष्यात फोटो काढू दिला नाही. आमच्या घरात भिंतीवर चेहरा लावायची रीत नाही, त्यांचं तर त्याबाबत फारच कडक. सगळ्या तालुक्याच्या चेहऱ्यांना फ्रेम करणारा माणूस, त्याचा स्वतःचा एक फोटो नाही. ते गेले तेव्हा मी तुझ्यावर धावून आलो होतो. म्हटलं, भाऊ, तू तिकडं बसून होतास, एक तरी काढायचा होता, त्यांना कळलं तरी असतं का? तू म्हणालास, "त्यायनं नाही म्हनलं होतं."

म्हटलं, मी चोरून काढला असता.

"म्हनूनच तवा तुह्या हातात कॅमेरा नव्हता," म्हणालास आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मला तेव्हा तुझा रागच आला. आता अब्बांचा चेहरा आठवायला बसलो की आधी त्यांचे हात आठवतात, पट्टीवर रंधा मारणारे, मग हळूहळू वर जात चेहरा येतो. फोटो असता तर मी हातांपासून सुरू केलं असतं का, कुणास ठाऊक. तुला हे विचारायचं होतं. राहून गेलं.

बरं, मुख्य मुद्द्यावर येतो. हे दोन फोटो काढले त्या दुपारचं कारण झाली ती हिवरा आश्रमाकडची पोरगी. लग्नाआधी स्वतःचा स्टुडिओ टाकायचा म्हणत होती. कोणीतरी तिला आपल्याकडं धाडलं. तिनं साधा प्रश्न विचारला: माणसांचे नुसते चेहरेच काढायचे आहेत, तर जुना चांगला कॅमेरा सेकंडहँड घेऊ, की हप्त्यानं नवा घेऊ? झालं. तू म्हणालास जुना घे, त्याच्यात फोटो मोजून निघतात म्हणून डोळा शिकतो. मी म्हटलं नवा घे, चुकलं तर तिथंच दिसतं म्हणून डोळा लवकर शिकतो. तू म्हणालास जुन्याचं भिंग. मी म्हटलं नव्याला कमी उजेड चालतो. तू म्हणालास, उजेड कमी असन तं खिडकी उघड ना बे! ती बिचारी कधी तुझ्याकडं, कधी माझ्याकडं, टेनिस पाहावं तशी मान फिरवत राहिली, दोनदा चहा प्यायली, आणि काहीही न ठरवता बसला निघून गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही दोघं आधी ठरवा, मग मी येते."

तेव्हा तू म्हणालास, चाल, आज निकालच लावू. खुर्ची तीच, खिडकी तीच, चेहरा माहा. दोन्ही तूच काढ, मंग बोलू नको की हात वेगळा होता.

तू पेटी माझ्या हातात दिलीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीत बसून हुकूम सोडायला लागलास: पाय फाकव, कोपर पोटाले लाव, श्वास सोड, मंग दाब. मी मान खाली घातली. काचेवर तू उलटा बसला होतास, इवलासा, आणि मी तुझ्या भुवईची कड धारदार करायच्या नादात होतो. तुझं तोंड चालूच होतं. आणि मग एकाएकी बंद झालं. मला वाटलं, वा, पोझ दिली भावानं. मी दाबलं. 'चिक' असा बारीक आवाज झाला, तुझ्या म्हणण्याप्रमाणं ढेकूण चिरडल्यासारखा.

मग माझा नवा कॅमेरा. यात तर डोळा लावायचीही गरज नाही, स्क्रीनवर पाहायचं. हिरवा चौकोन फिरत फिरत आला आणि तुझ्या डोळ्यावर बसला. मी कौतुकानं, कॅमेरा तसाच ठेवून, नुसती स्क्रीन तुझ्याकडं वळवून दाखवली.

"हे हिरवं काय?"

म्हटलं, त्याले समजते भाऊ, डोया कुठी हाय ते. आपल्याले काहीच करा लागत नाही.

आणि तू बोट वर केलंस, "म्हंजे डोया कुठी हाय हे त्याले मालूम, उजेड कितीक हाय हे त्याले मालूम, तं तू तिथी कायले उभा हाय बे?"

तेवढ्यात माझं बोट दाबलं गेलं होतं. हाच तो फोटो. तो प्रश्न तुझ्या तोंडातून निघता निघता पकडला गेलेला. पण एक आहे, हा फोटो तुझ्या पेटीनं निघाला नसता. तू बोलायला लागलास की पेटीत डोळ्याची कड धारदार करेस्तोवर वाक्य संपलं असतं. हे तर मान्य करशील?

रोल तूच धुतलास. मी तुला दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून पाहत बसलेलं पाहिलं. विचारलं, मग, कोणता? म्हणालास, "सांगतो." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. "सांगतो म्हनलं ना." मग कापसाची वेचणी आली, दिवाळी आली, आणि एका सकाळी वहिनी तुला चहाला उठवायला गेल्या तर तू उठलाच नाहीस. असा कोणी निकाल राखून ठेवतो का?

म्हणून मला भीती वाटतेय, भाऊ. पेटीतला लावला तर तुझा नियम पाळला जाईल, पण मी पंगत वाढताना वर पाहीन तेव्हा तिथं एक शांत गृहस्थ बसलेला असेल, आणि त्याला मी ओळखत नाही. माझा लावला तर तू तिथं असशील, पण लोक म्हणतील, फ्रेमवाल्यानं तेरवीतही आपलंच खरं केलं. तुला हरवून भिंतीवर टांगलं. नामदेवकाकांवर कापूस गालाला लावून मी हसू चिकटवलं होतं, तसं तुझ्यावर काही चिकटवायचं नाही मला.

इथवर लिहिलं आणि उठलो. दोन्ही फोटो पिशवीत घातले आणि तुझ्या घरी गेलो.

सुधीर पुण्याहून आलाय, ओसरीवर मोबाइलवर बोलत होता. फोटो पाहिले आणि लगेच म्हणाला, "काका, यात ठरवायचं काय आहे? हा काळापांढरा. बाबा कसे भारदस्त दिसतात. दुसऱ्यात तोंड उघडंय, येणारे जाणारे काय म्हणतील?" मी म्हटलं, "हाव, नियम तं त्याह्यचाच हाय."

वहिनी आतून आल्या. दोन्ही फोटो घेऊन दाराच्या उजेडात गेल्या. माझा आधी पाहिला, मग बराच वेळ पेटीतला, मग पुन्हा माझा.

"इतके दिस झाले अनिसभाऊ," त्या म्हणाल्या, "घरात मले कोनी काही बोललं नाही. काल चहात दोनदा साखर पडली, सगये गुपचूप पेले. लोकं येतात, गोड बोलतात, जातात. मले हा पाह्यजे."

"आई, अगं पण तोंड..."

"उघडं हाय. दिसते मले. मागू दे काय मागाचं ते. देईन मी."

सुधीरनं मान फिरवली आणि डोळे पुसले. मलाही तिथं उभं राहवेना, म्हटलं, येतो, उद्या दुपारपर्यंत फ्रेम घेऊन येतो. तर वहिनींनी पेटीतला फोटो माझ्या हातात दिला. "हा तुम्ही ठेवा. तुमच्या घरी नाही लावत, तं दुकानात लावा."

म्हटलं, "वहिनी, हा त्याह्यच्या पेटीतला हाय, घरात पाह्यजे."

"यात ते माह्याकडं पाहून नाही राह्यले ना. तुमच्याकडं पाहून राह्यले." त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तुझी नजर भिंगात नाहीच, थोडी वर आहे. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. "सुधीर लहान असतानी झोपला की असे पाहत बसत त्याच्याकडं. जागा असला की नाही. जागा असला की खेकसत."

दुकानात येऊन मी तो फोटो स्टुलावर ठेवला, तू बसला होतास तितक्या उंचीवर. समोर उभा राहिलो. मला समजेना, तू नेमकं काय पाहत होतास. पेटी धरल्यासारखे हात पोटाशी घेतले, मान खाली घातली, तसाच उभा राहिलो. तेवढ्यात नसीम डबा घेऊन आली. दारातच थांबली. तिला वाटलं, मी रडतोय. म्हटलं, रडत नाही, इकडं ये, बघ, मी असा उभा आहे तर हा कुठं पाहतो?

तिनं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुम्हारे सर कू देख रहे," ती म्हणाली. "बीच में से बाल उड़ गए ना तुम्हारे."

"कधी?"

"कब के. तुमको नहीं मालूम?"

मी हात लावून पाहिला. अगदी मधोमध, जिथलं आरशात दिसत नाही. तिथं खरंच गुळगुळीत झालंय, भाऊ. नसीम डबा ठेवून गेली आणि मग मी रडलो. मान खाली घालून उभा असलेला अनिस म्हातारा होऊन राह्यला, हे तुला त्या दुपारी दिसलं, आणि बोलता बोलता तू थांबलास. माझ्या शर्टाच्या रंगापासून माझ्या मशीनपर्यंत एक गोष्ट तू सोडली नाहीस. एवढा तोंडाळ माणूस, आणि तेवढं एक मला बोलला नाहीस.